मुंबई आणि लंडन : ईस्ट इंडिया कंपनीच्या दोन दफ्तरांचा मेळ

१

इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानातील कारभाराचा इतिहास बहुधा लढाया, तह आणि महसुलाच्या व्यवस्था यांच्या आधारे सांगितला जातो. या सर्वांच्या मुळाशी असलेली एक साधी अडचण मात्र सहसा दुर्लक्षित राहते. कंपनीचे मालक लंडनला होते आणि कंपनीचा व्यवहार हिंदुस्थानात होता. मुंबईच्या किल्ल्यात बसून गव्हर्नर आणि त्याचे कौन्सिल जे निर्णय घेत, त्यांचा जाब त्यांना लेडनहॉल स्ट्रीटवरील ईस्ट इंडिया हाउसात बसणाऱ्या संचालक मंडळाला द्यावा लागे. जाब द्यावयाचा म्हणजे दोन्ही पक्षांसमोर कागद एकच हवेत. जे मुंबईच्या दफ्तरात आहे ते लंडनच्या दफ्तरातही असले पाहिजे, आणि लंडनने जे ठरविले ते मुंबईला अवगत असले पाहिजे. या दोन दफ्तरांमध्ये आफ्रिकेस वळसा घालून जाणारा, पाच-सहा महिन्यांचा आणि पुष्कळदा त्याहूनही अधिक काळाचा समुद्रप्रवास होता.

अशा परिस्थितीत दोन कार्यालयांतील कागदपत्रांचा मेळ कसा राखला गेला, तो कोठे राखता आला नाही, आणि मेळ तुटल्याचे राजकीय परिणाम काय झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. विषय कारकुनी वाटण्याजोगा आहे. तथापि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या उगमाशी त्याचा निकटचा संबंध आहे. सुरतेचा तह आणि पुरंदरचा तह हे एकमेकांस छेद देणारे दोन करार एकाच कंपनीच्या नावाने एका वर्षाच्या आत कसे झाले, याचे उत्तर केवळ व्यक्तींच्या महत्त्वाकांक्षेत सापडत नाही. त्याचा मोठा भाग पत्रांच्या पोचेच्या तारखांत सापडतो.

२

कंपनीस पहिली सनद ३१ डिसेंबर १६०० रोजी मिळाली. पश्चिम किनाऱ्यावर तिची कायमची वखार १६१३ मध्ये सुरतेस स्थापन झाली. मुंबई बेट १६६८ मध्ये कंपनीच्या ताब्यात आले आणि १६८७ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील कारभाराचे मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविण्यात आले. या सर्व काळात आणि पुढेही कारभाराची पद्धत एकच राहिली. गव्हर्नर किंवा वखारीचा प्रमुख एकट्याने निर्णय घेत नसे; कौन्सिलची बैठक होई, आलेली पत्रे तेथे वाचली जात, चर्चा होई, आणि जे ठरले ते त्याच दिवसाच्या तारखेखाली एका वहीत नोंदले जाई. कौन्सिलच्या ज्या सभासदास निर्णय मान्य नसे, तो आपले मत वेगळ्या टिपणात मांडी आणि ते टिपणही त्याच वहीत दाखल होई. या वह्यांना बैठकींची रोजनिशी म्हणता येईल. मुंबईच्या सार्वजनिक खात्याच्या आणि गुप्त व राजकीय खात्याच्या अशा रोजनिश्या आज मुंबईच्या अभिलेखागारात आहेत.

या रोजनिशीची नक्कल लंडनला पाठविणे हे प्रत्येक इलाख्याचे बंधनकारक काम होते. केवळ अंतिम निर्णय कळवून भागत नसे. निर्णय कोणत्या पत्रांवरून घेतला, कोणी विरोध केला, विरोधाची कारणे कोणती, हे सर्व संचालकांसमोर ठेवावे लागे. मालक दूर असल्यामुळे नोकराच्या प्रामाणिकपणाची परीक्षा त्याच्या कृतीवरून नव्हे, तर कृतीमागील कागदांवरून करावयाची, अशी ही कल्पना होती. नोकरांनाही ती सोयीची होती. ज्याने आपला विरोध वहीत नोंदवून ठेवला, त्याला उद्या दोषाच्या वाट्यातून बाहेर पडता येई. त्यामुळे या वह्यांत जे लिहिले आहे त्याचा काही भाग समोरच्या सहकाऱ्यासाठी आणि बराचसा भाग सहा महिन्यांनी तो वाचणाऱ्या लंडनच्या वाचकासाठी लिहिलेला आहे, ही गोष्ट त्यांचा उपयोग करताना विसरून चालत नाही.

३

नक्कल करणे सोपे होते. ती सुखरूप पोहोचविणे कठीण होते. जहाजांचे येणे-जाणे मोसमी वाऱ्यांच्या अधीन होते. इंग्लंडहून वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत निघालेली जहाजे नैर्ऋत्येच्या वाऱ्यांच्या साह्याने हिंदुस्थान गाठीत. परतीची जहाजे हिवाळ्यात, ईशान्येचे वारे वाहू लागल्यावर निघत. एखादा खलिता हंगामाच्या शेवटच्या जहाजात चढविता आला नाही, तर पुढील हंगामापर्यंत तो पडून राही. वादळ, खडक, आग आणि युद्धकाळात फ्रेंच आरमार ही संकटे निराळीच. एका पत्राचे उत्तर हाती येण्यास दीड-दोन वर्षे लागणे ही सर्वसाधारण गोष्ट होती.

या अडचणीवर कंपनीने जे उपाय योजिले ते तीन प्रकारचे होते. पहिला उपाय पुनरुक्तीचा. प्रत्येक महत्त्वाचे पत्र एकाहून अधिक प्रतींत लिहिले जाई आणि प्रत्येक प्रत वेगळ्या जहाजाने पाठविली जाई. एक जहाज बुडाले तरी पत्र बुडू नये, असा हेतू. यामुळे एकच पत्र दोनदा-तीनदा पोहोचे आणि पोहोचलेल्या प्रती ताडून पाहून त्यांतील एक दफ्तरात लावली जाई. आज एकाच पत्राच्या दोन प्रती वेगवेगळ्या बांधणीत सापडतात आणि नवख्या अभ्यासकास ती दोन पत्रे वाटतात; त्याचे कारण हेच.

दुसरा उपाय अनुक्रमाचा. पत्रांतील परिच्छेदांना क्रमांक दिले जात. उत्तर देणाऱ्याने परिच्छेदाचा क्रमांक सांगून उत्तर द्यावयाचे, म्हणजे कोणत्या मुद्द्यावर उत्तर आले आणि कोणता मुद्दा अनुत्तरित राहिला हे चटकन ध्यानात येई. लखोट्यांच्या पेटीबरोबर आतील कागदांची यादी असे. ती यादी आणि आतील कागद जुळले नाहीत तर काय गहाळ झाले ते कळे. आवक-जावक बारनिशीचे हेच तत्त्व येथे समुद्रापार लागू केले होते.

तिसरा उपाय पोचेचा. पत्राच्या आरंभी मागील पत्र कोणत्या तारखेचे, कोणत्या जहाजाने पाठविले, याची आठवण दिली जाई. तसेच समोरून आलेल्या कोणत्या पत्रांची पोच झाली तेही कळविले जाई. यामुळे लिहिणारा काय जाणत होता आणि काय जाणत नव्हता हे पत्राच्या पहिल्या काही ओळींतच स्पष्ट होई.

या तिन्ही उपायांचा एकत्रित विचार केला म्हणजे या व्यवस्थेचे खरे स्वरूप ध्यानात येते. दोन दफ्तरे एकाच क्षणी एकसारखी असावीत, असा तिचा आग्रह नव्हता. ते अशक्य होते. दोन दफ्तरांत फरक किती आहे आणि तो कोठे आहे हे दोन्ही बाजूंना नेमके माहीत असावे, एवढेच तिचे उद्दिष्ट होते. पैकी पहिली गोष्ट साधनांवर अवलंबून असते, दुसरी शिस्तीवर. कंपनीजवळ साधने तुटपुंजी होती. शिस्त मात्र तिने शंभर-सव्वाशे वर्षे चिकाटीने घडविली.

ही शिस्त प्रत्यक्षात उतरविणारे हात बहुतांशी अनामिक आहेत. मुंबईच्या कचेऱ्यांत नकला उतरण्याचे काम करणाऱ्यांत पाठारे प्रभू समाजाचा भरणा मोठा होता. इतका की मुंबईच्या इंग्रजी बोलीत कारकुनास ‘पर्वो’ हाच शब्द रूढ झाला. ‘परभू’ या नावाचे ते इंग्रजी मुखातील रूप होय. ज्यांच्या हस्ताक्षरातून मुंबईचा कारभार लंडनने वाचला, त्यांतील कित्येकांची मातृभाषा मराठी होती. नक्कल झाल्यावर ती अस्सलाबरहुकूम असल्याचा दाखला सचिवाच्या सहीने दिला जाई. कागदावर सही सचिवाची आढळते. लेखणी दुसऱ्याची असते.

४

लंडनकडील बाजूही तितकीच कारकुनी होती. हिंदुस्थानातून आलेल्या पत्रांवर संचालकांच्या पत्रव्यवहार समितीत विचार होई आणि उत्तराचा मसुदा तयार केला जाई. वाढत्या कागदांचा पसारा आवरेना, तेव्हा हा भार परीक्षक कार्यालय नावाच्या खात्यावर पडला. या कार्यालयात जेम्स मिल १८१९ मध्ये नोकरीस लागला. त्याचा पुत्र जॉन स्टुअर्ट मिल १८२३ मध्ये तेथे कारकून म्हणून आला आणि १८५६ मध्ये त्या कार्यालयाचा प्रमुख झाला. जेम्स मिलने हिंदुस्थानचा विस्तृत इतिहास लिहिला तो हिंदुस्थान न पाहता, आणि प्रत्यक्ष पाहण्यापेक्षा कागदांचे परिशीलन अधिक विश्वसनीय असते असे त्याचे समर्थनही केले. त्याच्या या मतात कंपनीच्या दफ्तरी व्यवस्थेचाच आत्मविश्वास उतरला आहे. पुत्र मिल याने १८५२ मध्ये लॉर्ड्स सभेच्या समितीपुढे साक्ष देताना हिंदुस्थानचा संपूर्ण कारभार लेखी चालतो, हा त्या राज्यपद्धतीचा मोठा गुण म्हणून सांगितला.

१७८४ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारचे नियंत्रण मंडळ स्थापन झाले आणि कागदांचा मेळ राखण्याची अडचण लंडन शहराच्या आतही उत्पन्न झाली. संचालकांनी तयार केलेला मसुदा नियंत्रण मंडळाकडे जाई, तेथे त्यात फेरफार होत, तो परत येई. मसुद्याबरोबर त्यास आधारभूत असलेल्या कागदांच्या नकलांचा संग्रह जोडावा लागे, कारण मुंबई-मद्रास-कलकत्त्याची अस्सल पत्रे एकच होती आणि ती ईस्ट इंडिया हाउसात होती. १७९६ ते १८५८ या काळातील हे नकलांचे संग्रह आज ‘बोर्डाचे संग्रह’ या नावाने ओळखले जातात आणि विषयवार एकत्र मिळत असल्यामुळे अभ्यासकांच्या विशेष उपयोगाचे आहेत. एका शहरातील दोन कार्यालयांनी परस्परांवर नजर ठेवण्यासाठी केलेली ही तजवीज पुढील पिढ्यांच्या संशोधनास उपकारक ठरली.

५

आता या व्यवस्थेची कसोटी पाहणाऱ्या प्रसंगाकडे वळणे इष्ट होईल. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. राघोबादादा पेशवे झाले; परंतु १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावांच्या पत्नीस पुत्र झाला आणि कारभाऱ्यांनी त्या बालकाच्या नावाने राज्य चालविले. राघोबादादांनी इंग्रजांचा आश्रय शोधला. मुंबईकर इंग्रजांची दृष्टी साष्टी आणि वसई यांवर अनेक वर्षांपासून होती, आणि ही ठाणी मिळाल्यास उत्तम, अशी लंडनच्या संचालकांचीही इच्छा पूर्वीच्या पत्रांतून व्यक्त झालेली होती.

याच सुमारास कंपनीच्या कारभारात मोठा बदल झाला. १७७३ च्या नियामक कायद्याने कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरल व कौन्सिलास मुंबई आणि मद्रास यांच्यावर युद्ध व तह यांबाबतीत वरिष्ठ अधिकार दिला. त्यांच्या पूर्वसंमतीवाचून मुंबईने युद्ध सुरू करू नये, तह करू नये, असा निर्बंध आला. मात्र त्यास दोन अपवाद ठेवण्यात आले : थांबणे धोक्याचे ठरेल अशी निकड, आणि लंडनहून थेट आलेले विशेष हुकूम. कायदा करणाऱ्यांना अंतराची जाणीव होती, हे या अपवादांवरून दिसते. परंतु त्यांनी एक प्रश्न अनिर्णित ठेवला. निकड आहे की नाही हे कोणी ठरवावयाचे? आणि लंडनची जुनी पत्रे हाच विशेष हुकूम मानावयाचा काय?

कलकत्त्याचे नवे कौन्सिल १७७४ च्या ऑक्टोबरात अधिकारारूढ झाले. १७७४ च्या डिसेंबरात मुंबईकरांनी साष्टीवर सैन्य पाठवून ठाण्याचा किल्ला घेतला. साष्टी-वसई परत मिळविण्यासाठी पोर्तुगीज आरमार येत असल्याची वार्ता हे तातडीचे कारण म्हणून पुढे करण्यात आले. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह झाला. त्यांना इंग्रजांनी सैन्याची मदत द्यावी आणि त्यांनी साष्टी, वसई कंपनीस द्यावी, हा तहाचा गाभा. १८ मे रोजी गुजरातेत अडास येथे कर्नल कीटिंगच्या सैन्याची मराठी फौजेशी लढाई झाली.

सुरतेच्या तहाची बातमी मुंबईहून दोन दिशांना निघाली. कलकत्त्यास ती काही आठवड्यांत पोहोचली. लंडनला पोहोचण्यास कित्येक महिने लागावयाचे होते. १७७५ च्या मे महिन्याच्या अखेरीस कलकत्त्याने तहाचा कडक शब्दांत निषेध करून सैन्य मागे घेण्याचा हुकूम दिला. पुढे कर्नल अप्टनला पुण्यास पाठवून कारभाऱ्यांशी थेट बोलणे सुरू केले. मुंबईने आपल्या कौन्सिलचा सभासद विल्यम टेलर यास कलकत्त्यास पाठवून आपली बाजू मांडली, पण निर्णय फिरला नाही. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. त्यान्वये सुरतेचा तह रद्द झाला, राघोबादादांनी सैन्य मोडून कोपरगावी नेमणुकीवर राहावे असे ठरले, साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि युद्धखर्चापोटी बारा लक्ष रुपये कंपनीस देण्याचे पुणे दरबाराने कबूल केले.

यानंतर, ऑगस्ट १७७६ मध्ये, लंडनच्या संचालकांचे पत्र मुंबईस आले. त्यात सुरतेच्या तहास मान्यता होती आणि त्या तहाने मिळालेला मुलूख राखावा असा आदेश होता. हे पत्र लिहिताना संचालकांसमोर मुंबईने पाठविलेले कागद होते. पुरंदरचा तह झाल्याची वार्ता तोवर लंडनला पोहोचणे शक्यच नव्हते. म्हणजे १७७६ च्या उन्हाळ्यात कंपनीच्या तीन दफ्तरांत तीन निरनिराळ्या गोष्टी होत्या. कलकत्त्याच्या दफ्तरात पुरंदरचा तह हा शेवटचा शब्द होता. लंडनच्या दफ्तरात सुरतेचा तह हा शेवटचा शब्द होता. मुंबईच्या दफ्तरात दोन्ही होते, आणि त्यांतील कोणता शिरोधार्य मानावयाचा हे ठरविणे मुंबईच्या हातात आले.

मुंबईने काय निवडले हे प्रसिद्ध आहे. राघोबादादांना आश्रय देणे चालू राहिले आणि पुरंदरच्या तहाची अंमलबजावणी रेंगाळली. लंडनला पुरंदरची हकीकत कळली तेव्हा संचालकांनी त्या तहाविषयी नापसंती दर्शविली. परंतु झालेला करार पाळावा, पुणे दरबाराकडून तो मोडला गेल्यासच पूर्वीचा मार्ग मोकळा राहील, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय होता. या द्व्यर्थी आदेशाने पुन्हा मुंबईस निवडीची संधी दिली. त्यातून १७७८ च्या अखेरची मोहीम निघाली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावच्या मानहानीकारक करारात तिचा शेवट झाला. हा करारही इंग्रजांनी मान्य केला नाही. शेवटी १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. वसई मराठ्यांकडे परत आली, साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि राघोबादादांचा पक्ष इंग्रजांनी सोडला. सात वर्षांच्या रक्तपातानंतर परिस्थिती पुष्कळशी पुरंदरच्या तहाच्या आसपास येऊन थांबली.

या प्रकरणात कंपनीची दफ्तरी व्यवस्था फसली असे म्हणता येईल काय? काटेकोरपणे पाहता नाही. पत्रे गहाळ झाली नाहीत. नकला पोहोचल्या. कोणाला काय केव्हा कळले हे आजही जवळजवळ तारीखवार सांगता येते. फसला तो एक निराळा समज. कागद दोन्हीकडे सारखे असले म्हणजे निर्णयही सारखा होईल, हा तो समज. प्रत्यक्षात दोन दफ्तरांमधील कालावधी हा रिकामा कालावधी नव्हता. त्या काळात घटना घडत होत्या आणि त्यांचा कर्ता असा कोणी तरी होता. त्या काळात कोणी कृती करावी याविषयी कायद्याने अपवाद ठेवले, नियम ठेवला नाही. मुंबईच्या कौन्सिलने ती पोकळी आपल्या इच्छेने भरली, आणि प्रत्येक वेळी आपल्या बाजूचा एक खरा कागद दाखविण्याजोगी तिची स्थिती होती. हॉर्नबी आणि त्याचे सहकारी यांना आज्ञाभंगाचा दोष देणारे आणि लंडनला दुटप्पी ठरविणारे असे दोन्ही पक्ष आढळतात. पत्रांवरील तारखांऐवजी त्यांच्या पोचेच्या तारखा क्रमाने मांडल्या म्हणजे दोन्ही दोषारोप पुष्कळ सौम्य होतात आणि जबाबदारी अधिक नेमकेपणाने निश्चित करता येते. मुंबईचा दोष हुकूम मोडण्यात तितका नाही, जितका दोन हुकमांतील आपल्याला हवा तो उचलण्यात आहे.

६

ही अडचण एकट्या इंग्रजांची नव्हती. पोर्तुगीजांनी ती त्यांच्याही आधी अनुभविली होती. लिस्बन आणि गोवा यांच्यामधील राजपत्रे दरसाल आरमाराबरोबर जात-येत, आणि तीही अनेक प्रतींत, वेगवेगळ्या जहाजांतून. गोव्यात १५९५ मध्ये अभिलेखागार स्थापन होऊन इतिहासकार दियोगु द कोउतु याची त्यावर नेमणूक झाली. लिस्बनहून आलेली अस्सल पत्रे आणि त्यांस गोव्याहून दिलेल्या उत्तरांच्या नकला ज्या ग्रंथांत बांधल्या गेल्या, त्यांचे नाव ‘मोसमांचे ग्रंथ’ असे पडले. ज्या वाऱ्यावर पत्र आले त्या वाऱ्याचे नाव दफ्तरास मिळावे, यातच या पत्रव्यवहाराचे सारे परावलंबन व्यक्त होते. यांपैकी बासष्ट ग्रंथ १७७७ मध्ये लिस्बनला नेण्यात आले. उरलेले गोव्यातच राहिले. त्यामुळे एकाच मालिकेचे दोन तुकडे दोन खंडांत पडले. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या अभिलेखागारात आयुष्यभर केलेल्या कामामुळे मराठ्यांच्या इतिहासास या साधनांचा लाभ झाला.

पुणे दरबाराचीही दोन दफ्तरे होती, पण त्यांची विभागणी निराळ्या तत्त्वावर होती. हुजूर दफ्तरापैकी चालते दफ्तर हे रोजच्या कारभाराचे, तर एकबेरीज दफ्तर पुण्यात कायम राहून सर्व प्रकारचे हिशेब साठवून ठेवणारे होते. येथे दोन्ही ठिकाणी एकच कागद असावा अशी अपेक्षा नव्हती. तपशील एकीकडे, गोषवारा दुसरीकडे, अशी वाटणी होती. तिचे बळ कारकुनांच्या परंपरेत आणि फडणिसीच्या देखरेखीत होते. ती देखरेख दुसऱ्या बाजीरावाच्या काळात सुटली तेव्हा कागद कारभाऱ्यांच्या आणि कारकुनांच्या घरोघर विखुरले, आणि ज्याची दुसरी प्रत कोठेच नव्हती असा कागद गेला तो कायमचाच गेला. नकलांचा जाच सोसणाऱ्या पद्धतीचा फायदा येथे उलट बाजूने दिसून येतो.

७

एकोणिसाव्या शतकात अंतर आकसू लागले. निकडीचे खलिते बसरा आणि अलेप्पोमार्गे खुष्कीने पाठविण्याची पद्धत अठराव्या शतकातही होती. तिने काही आठवडे, प्रसंगी महिने वाचत. २० मार्च १८३० रोजी ‘ह्यू लिंडसे’ ही मुंबईस बांधलेली आगबोट मुंबईहून निघून सुमारे तेहेतीस दिवसांत सुएझला पोहोचली. पुढे तांबड्या समुद्रातून आगबोटींचे नियमित टपाल सुरू झाले आणि वर्षांचा हिशेब महिन्यांवर आला. १८५८ मध्ये कंपनीचे राज्य संपले. १८६५ मध्ये इराणच्या आखातातून तारायंत्राचा मार्ग पुरा झाला, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये मुंबई ते सुएझ अशी समुद्रातील तार पडली.

दोन दफ्तरांमधील कालावधी महिन्यांवरून तासांवर आल्यामुळे सुरत-पुरंदरसारखा प्रसंग पुन्हा उद्भवणे अशक्यप्राय झाले. परंतु त्याबरोबर दुसरा बदलही झाला. पूर्वी लंडनला झालेल्या गोष्टीस मान्यता द्यावी लागे किंवा तिची निर्भर्त्सना करावी लागे. गोष्ट होण्यापूर्वी ती थांबविता येत नसे. तारेने तो अधिकार लंडनला दिला. तसेच तारेचा मजकूर त्रोटक असल्यामुळे त्यात विरोधी मतांची टिपणे, पूर्वपीठिका, सोबतचे कागद यांना जागा नव्हती. ते सर्व मागाहून टपालाने येई. निर्णय आधी आणि त्याची कारणे नंतर, असा क्रम रूढ झाला. जुन्या व्यवस्थेत कागद उशिरा येत, पण एकत्र येत. नव्या व्यवस्थेत ते लवकर येऊ लागले, पण सुटे सुटे.

८

या दोन दफ्तरांचे अवशेष आज दोन ठिकाणी आहेत. मुंबईचे दफ्तर १८२१ मध्ये स्थापन झालेल्या अभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत ठेवले गेले. लंडनचे दफ्तर कंपनीकडून इंडिया ऑफिसकडे आणि १९८२ पासून ब्रिटिश लायब्ररीकडे आले. कंपनीचे राज्य गेल्यानंतर लंडनमध्ये जागेच्या अडचणीपायी पुष्कळ कागद निरुपयोगी ठरवून काढून टाकण्यात आले. अशा वेळी एका बाजूचा खळगा दुसऱ्या बाजूच्या प्रतीने भरून काढता येतो. सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाच्या भीतीने केलेल्या नकला दोनशे वर्षांच्या काळप्रवासातही उपयोगी पडल्या.

तथापि दोन्ही दफ्तरे सर्वस्वी समान समजणे चुकीचे ठरेल. पुण्याहून किंवा अन्य दरबारांतून आलेली मराठी व फारसी पत्रे मुंबईच्या रोजनिशीत इंग्रजी भाषांतराच्या रूपाने दाखल झाली आणि लंडनला गेले ते भाषांतराची नक्कल होऊन. म्हणजे लंडनच्या संचालकांनी सखारामबापूंचे किंवा नाना फडणिसांचे म्हणणे जे वाचले, ते दोन गाळण्यांतून गेलेले होते. त्यांचा मूळ शब्द शोधावयाचा तर पुणे दफ्तराकडे वळावे लागते. गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झालेल्या पेशवे दफ्तराच्या पंचेचाळीस खंडांचे मोल या दृष्टीनेही मोठे आहे. केवळ इंग्रजी साधनांवर लिहिलेल्या इतिहासात मराठी पक्ष मूक वाटतो. त्याचे कारण तो मूक होता हे नसून, मेळ राखला गेलेल्या दोन्ही दफ्तरांची भाषा एकच होती हे आहे.

तात्पर्य, या साधनांचा उपयोग करणाराने प्रत्येक पत्रापुढे तीन प्रश्न ठेवावेत : ते केव्हा लिहिले गेले, ते केव्हा पोहोचले, आणि ते लिहिताना लिहिणाऱ्याच्या हाती समोरचे शेवटचे पत्र कोणते होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा छापील ग्रंथांत मिळते. दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे उत्तर मिळविण्यासाठी रोजनिशी, पोच आणि पेटीबरोबरची यादी चाळावी लागते. हे काम कष्टाचे आहे. परंतु सुरतेच्या तहापासून वडगावपर्यंतच्या हंगामांत कोणी काय जाणून कोणता निर्णय घेतला याचा न्याय करावयाचा असेल, तर या तीन तारखा शेजारी शेजारी मांडल्यावाचून तो होणार नाही.